आत्याच्या भाषेतले साठ प्रश्न

माझ्या प्रश्नावलीतला पहिला प्रश्न मी आत्याला विचारला तेव्हा ती ओसरीवर बसून लसूण सोलत होती. प्रश्न असा होता : ‘सामाजिक प्रसंगी मी अपरिचित व्यक्तींशी सहजतेने संवाद साधतो.’ त्याला पाच उत्तरं होती. पूर्णतः सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्णतः असहमत. मी पाचही वाचून दाखवली.

आत्यानं हातातली पाकळी ताटलीत टाकली आणि माझ्याकडं पाहिलं. “हे लिहिलं कोणी?”

“बाहेरच्या देशातल्या लोकांनी. मग आपल्याकडच्या कुणीतरी मराठीत केलं.”

“मराठीत केलंय व्हय? मंग वाच की मराठीत.”

मी परत तेच वाचलं, जरा मोठ्यानं. ती म्हणाली, “ऐकू येतंय मला. समजून नाही राहिलं.” आणि थोड्या वेळानं, “ह्यो तटस्थ कोण हाय? त्याचं काय काम हितं?”

आतून आईचं हसू ऐकू आलं. मलाही हसू आलं, पण ते टिकलं नाही. असे साठ प्रश्न होते माझ्याजवळ, आणि ते ऐंशीच्या पुढच्या माणसांना विचारायचे होते.

मी तेव्हा लातूरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मानसशास्त्र शिकवत होते आणि नांदेडच्या विद्यापीठात पीएच.डी.ला नाव घातलेलं होतं. विषय होता स्वभाव आणि दीर्घायुष्य. कुठल्या स्वभावाची माणसं जास्त जगतात, म्हातारपणी हिंडती-फिरती राहतात, माणसांत राहतात, हे बघायचं. पुस्तकांत साधारण असं लिहिलेलं असतं की शिस्तीची, जबाबदारीनं वागणारी माणसं जास्त जगतात आणि सारखी चिडणारी, सारखी काळजी करणारी लवकर थकतात. मला हे आपल्या भागात तपासायचं होतं. कंधार, हिमायतनगर, इस्लापूरकडची गावं मी त्यासाठी निवडली होती. सुरुवात घरापासून केली, कारण घरातच एक ऐंशीच्या पुढची बाई होती.

आत्याचं नक्की वय कुणालाच ठाऊक नाही. आधार कार्डावर एक जानेवारी लिहिलेलं आहे, जसं आमच्या गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या कार्डावर आहे. ती स्वतः सांगते, पोलीस अ‍ॅक्शनच्या वक्ताला मी शेळ्या राखत होते. म्हणजे निजामाचं राज्य गेलं ते अठ्ठेचाळीस साल; त्यावरून आपण हिशेब करायचा. लग्नानंतर चारच वर्षांत तिचा नवरा वारला आणि ती माहेरी परत आली. तेव्हापासून ती आमच्याच घरात आहे. कंधार तालुक्यातलं आमचं गाव लहान, आमची वस्ती गावाच्या कडेला, विहाराच्या मागं. आत्यानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या रानात खुरपणी केली, कापूस वेचला, आणि उतारवयात शाळेत पोरांची खिचडी शिजवली.

आणि ती भांडली. गावात तिची ओळख तीच होती. हापशावर भांडण झालं की लोक न बघताच विचारायचे, “कोण हाय? तीच काय?” तीच असायची. आमच्या वस्तीचा हापसा तीन महिने बंद पडून राहिला तेव्हा ग्रामपंचायतीच्या दारात रिकामी घागर घेऊन सकाळी सातला जाऊन बसणारी तीच. रेशनच्या दुकानात माप कमी भरलं तर रांग अडवून उभी राहणारी तीच. आईशी तर ती रोजच भांडायची, भाजीत मीठ टाकायच्या आधी का नंतर एवढ्यावरूनसुद्धा. दोघींचं भांडण संपलं की दोघी एकाच ताटात जेवायच्या.

माझे वडील तिचे धाकटे भाऊ. दोघांत चौदा-पंधरा वर्षांचं अंतर. मधली भावंडं जगली नाहीत. वडिलांना तिनं कडेवर वागवलेलं. त्यांचा स्वभाव तिच्या अगदी उलटा. ते एका सरकारी कचेरीत कारकून होते, आमच्या घराण्यातली पहिली नोकरी. कधी आवाज चढला नाही, कधी कुणाला नाही म्हटलं नाही. गावात म्हणायचे, एका आईच्या पोटी एक आग आणि एक पाणी जन्मलं. मी वडिलांवर गेले, असंही म्हणायचे. मी बारावीनंतर कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा वडील गेले. छप्पन्न वर्षांचे होते.

एका नातेवाइकाच्या पोरीचं लग्न होतं. वडील पंगतीत वाढायला होते, हातात वरणाची बादली. दुसरी पंगत उठल्यावर ते मांडवाच्या खांबाला टेकून बसले. पाणी मागितलं. पाणी येईपर्यंत सगळं संपलं होतं. नंतर कळलं, छातीत सकाळपासून दुखत होतं. मांडवातल्या एका माणसाला त्यांनी तसं सांगितलंही होतं आणि वर म्हणाले होते, “लग्न उरकू द्या, उगी कशाला लोकांना तरास.”

मी हा विषय का घेतला हे मला मार्गदर्शक मॅडमनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं. मी पुस्तकी उत्तर दिलं होतं. खरं कारण हे होतं, पण ते माझं मलाही तेव्हा नीट कळलेलं नव्हतं.

तर आत्यानं त्या दिवशी प्रश्नावली माझ्या हातातून घेतली. तिला वाचता येत नाही. कागद उलटसुलट करून तिनं परत दिला आणि म्हणाली, “ही घिऊन तू म्हाताऱ्यांकडं जाणार. ते बिचारे भिऊन समद्याला हाव म्हणतील. तुला बरं वाटावं म्हून. मंग तू काय लिहिणार?”

मी पुढच्या आठवड्यात हिमायतनगरजवळच्या एका खेड्यात गेले तेव्हा तसंच झालं. एक वृद्ध शेतकरी होते, स्वतःची जमीन असलेले, पांढरा स्वच्छ सदरा, बोलायला गोड. मी साठ प्रश्न वाचले. त्यांनी प्रत्येकाला मान हलवून “बराबर हाय” म्हटलं. ‘मी सहज क्रोधित होतो’ यालाही बराबर आणि ‘मी क्वचितच क्रोधित होतो’ यालाही बराबर. निघताना त्यांनी मला भुईमुगाच्या शेंगा दिल्या आणि विचारलं, “पास झालो ना बाई मी?”

परतीच्या बसमध्ये मी तो कागद मांडीवर ठेवून बसले. त्यावर एकही खरं उत्तर नव्हतं. चूक त्या बाबांची नव्हती.

मला मॅडमशी बोलायचं होतं. पण मॅडमशी बोलणं सोपं नव्हतं. त्या आमच्याच कॉलेजात होत्या, निवृत्तीला आलेल्या, कडक; लातूरला त्यांचा दरारा होता. पंधरा दिवस मी रोज त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत जायची आणि दुसरंच काहीतरी विचारून परत यायची. शनिवारी गावाकडं गेले तेव्हा आत्यानं विचारलं, “सांगितलं का तुझ्या बाईला?”

“नाही.”

“कामून?”

“त्यांना वाईट वाटेल. त्यांनीच निवडून दिलीय ती.”

आत्यानं माझ्याकडं नीट पाहिलं. ती भांडत नाही तेव्हा भीती वाटते. मग म्हणाली, “तुझ्या बापाची लेक शोभती.” तिच्या आवाजात राग नव्हता. तिनं ते इतक्या दुःखानं म्हटलं की मी सोमवारी थेट मॅडमच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले.

“मॅडम, ही प्रश्नावली आमच्या लोकांना कळत नाही.”

मॅडमनी चष्मा काढला. “ही प्रमाणित चाचणी आहे. तिला हात लावता येत नाही.”

“मग माझं सगळं काम खोटं होईल मॅडम.” एवढं बोलून मी थांबले नाही. हिमायतनगरच्या बाबांचा कागद त्यांच्यापुढं ठेवला. क्रोधित होतो, बराबर. क्रोधित होत नाही, बराबर.

मॅडमनी तो कागद पूर्ण वाचला. खूप वेळ लावला त्यांनी. मग म्हणाल्या, “बदलायची असेल तर रीतसर बदल. प्रत्येक वाक्य लोकांच्या बोलीत कर. मग ज्याला मूळ माहीत नाही अशा माणसाकडून ते परत इंग्रजीत करून घे. जुळतंय का बघ. तीन जाणकारांना दाखव. थोड्या माणसांवर करून बघ, महिन्यानं त्याच माणसांना परत विचार, उत्तरं तीच येतात का बघ. एक वर्ष जाईल. आहे तयारी?”

मी हो म्हटलं. दारातून बाहेर पडताना त्या मागून म्हणाल्या, “हे तू पंधरा दिवसांपूर्वीच सांगायला यायला हवं होतंस.” म्हणजे दारातल्या माझ्या येरझारा त्यांनी पाहिल्या होत्या.

वर्ष नाही, दीड वर्ष गेलं. दर शनिवारी लातूरहून गावी जायचं, आत्याला आणि आईला समोर बसवायचं आणि एकेक वाक्य घ्यायचं. पहिल्यांदा आत्यानं पाच उत्तरं बदलली. लई हाय, हाय, अधमधी, कमी, मुळीच न्हाई. तटस्थाला तिनं घरातून हाकललं. मग प्रश्न. ‘मी सहज क्रोधित होतो’ याचं झालं, ‘तुमचं डोकं लवकर तापतंय का?’ ‘मी अंगीकृत कार्य पूर्णत्वास नेतो’ याचं झालं, ‘हाती घेतलेलं काम अर्धं टाकून उठता का?’ ‘मला नावीन्याचे आकर्षण आहे’ यावर दोघींचं भांडण झालं. आई म्हणाली, नवी साडी आवडते का असं विचार. आत्या म्हणाली, “साडीचं काय घिऊन बसलीस? कोणी नवं कायी सांगितलं तर करून बघावं वाटतंय का, असं इचार.” ते राहिलं.

काही प्रश्न तिनं नुसते बोलीत आणले नाहीत, ते दुरुस्त केले. ‘मी इतरांशी वाद टाळतो’ असं एक वाक्य होतं. वाद टाळणाऱ्याला सौजन्याचे गुण मिळायचे. आत्या म्हणाली, “वाद कशावरून, ते न्हाई का इचारायचं?”

“नाही. नुसतं टाळतो का एवढंच.”

“आपल्यासाठी भांडतो का दुसऱ्यासाठी भांडतो, ते एकच हाय का मंग?”

मी वहीत ते लिहून घेतलं. मॅडमना दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, मूळ चाचणीत असा प्रश्न घालता येणार नाही, पण स्वतंत्र प्रश्न म्हणून विचार आणि वेगळं नोंदव. मी तो वेगळा विचारला. पुढं ज्यांना ज्यांना विचारला त्यांनी त्याचं उत्तर देताना सगळ्यात जास्त वेळ घेतला.

नवी प्रश्नावली घेऊन मी परत हिमायतनगरच्या त्याच बाबांकडं गेले. ते ओळखून हसले. “परत परीक्षा व्हय?” मी विचारलं, “बाबा, तुमचं डोकं लवकर तापतंय का?”

“छ्या. मुळीच न्हाई.”

आतून सुनेचा आवाज आला, “खोटं सांगून राहिलेत हो. सकाळीच चहा थंडा दिला म्हणून कप आपटला.”

बाबा लाजले. मग खरंच विचार करून म्हणाले, “तापतंय. पर लगेच उतरतंय. त्याला काय म्हणायचं?” मी म्हटलं, अधमधी लिहू का? ते म्हणाले, “न्हाई, ‘हाय’ लिही. खरं लिही.” त्या दिवशी आम्ही अडीच तास बोललो. साठातल्या एकाही प्रश्नाला त्यांनी “बराबर हाय” म्हटलं नाही.

इस्लापूरकडच्या गावांत, कंधारच्या किल्ल्यामागच्या गल्ल्यांत, आमच्याच वस्तीत असं मी वर्षभर फिरले. म्हातारी माणसं भरभरून बोलली. कुणी रोज सकाळी गोठा स्वतः झाडत होतं, कुणी पंचाऐंशीच्या पुढं मोबाइलवर नातवाला फोन लावायला शिकलं होतं. शिस्तीची माणसं खूप भेटली, पुस्तकात लिहिलं होतं तशीच. गावानं भांडखोर ठरवलेलीही बरीच निघाली. आत्याचंही तेच निघालं. कागदावर ती भांडखोर होती आणि त्याच कागदावर ती पहिल्या नंबरची नेटकी, वेळेची पक्की, दिलेला शब्द पाळणारी होती. खिचडी शिजवायच्या सगळ्या वर्षांत पोरांचं जेवण तिनं एक दिवस उशिरा दिलं नव्हतं. या चाचणीत स्वभावाचे पाच रकाने असतात; लोकांनी तिचा एकच रकाना वाचला होता. बाकीचे चार कुणी उघडलेच नव्हते.

पण मला एक गोष्ट सलायला लागली. इस्लापूरहून परत येत होते, दुपारची वेळ होती, बसमध्ये भरलेल्या कागदांचा गठ्ठा मांडीवर होता आणि माझ्या एकदम लक्षात आलं की ही सगळी जिवंत माणसं आहेत. जी जगली तीच माझ्या यादीत आहेत. जी पन्नाशीत, साठीत गेली ती कशी होती? तीही नेटकी असतील, शब्दाची पक्की असतील. त्यांना विचारणार कोण? या यादीवरून मी असं कसं म्हणू की अमुक स्वभावाचं माणूस जास्त जगतं?

मी लातूरला न जाता कंधारला उतरले आणि घरी गेले.

आत्या अंगणात चुलीसाठी काड्या मोडत होती. मी तिच्यासमोर पाट घेऊन बसले आणि म्हटलं, “आत्या, आज परत साठ प्रश्न. पण तुझ्याबद्दल नाही. दादांबद्दल सांगायचं.” दादा म्हणजे माझे वडील.

ती काड्या मोडत राहिली. “तो गेला की माय. त्याला काय इचारायचं?”

“तू त्यांना कडेवर घेतलंस. तुझ्याइतकं कुणाला माहीत?”

पहिले वीस-पंचवीस प्रश्न सरळ गेले. काम अर्धं टाकून उठत होते का? मुळीच न्हाई. वस्तू जागच्या जागी ठेवत होते का? लई. लोकांत मिसळत होते का? अधमधी. शिस्तीचे सगळे गुण त्यांना मिळत गेले. मी लिहीत गेले. पुस्तकाप्रमाणं या माणसानं ऐंशी गाठायला हवी होती.

मग आला तो प्रश्न. “डोकं लवकर तापत होतं का?”

आत्यानं हातातली काडी खाली ठेवली.

“समदे म्हणतात त्याला राग येत न्हवता,” ती म्हणाली. “येत व्हता. लई येत व्हता. कचेरीत कोणी कायी बोललं, दुसऱ्याचं काम त्याच्या अंगावर टाकलं, की घरी यायचा आन बूट पुसत बसायचा. एकदा पुसून झाले की परत पुसायचा. मी वळखायची. आज दोनदा बूट पुसले म्हंजी आज कायतरी झालंय. तुझ्या मायला बी कळत न्हवतं, मला कळत व्हतं.”

ते बूट मला आठवले. काळे, चकचकीत. आम्ही पोरं त्यात आपलं तोंड बघायचो. मला वाटायचं दादांना टापटीप आवडते.

“तू त्यांना कधी विचारलं नाहीस?”

“न्हाई,” आत्या म्हणाली. “जगाला इचारलं मी. सरपंचाला इचारलं, रेशनवाल्याला इचारलं. ह्याला न्हाई इचारलं. वाटायचं, शिकलेला हाय, सायबांत बसतो, आपण काय इचारावं.” मग तिनं डोळ्याला पदर लावला. माझ्या आठवणीत आत्या रडलेली ही दुसरी वेळ. पहिली त्या मांडवातली.

पदर खाली सोडून ती स्वतःच बोलायला लागली. दादा सातवी पास झाले तेव्हा पुढच्या शाळेसाठी वसतिगृहात जागा पाहिजे होती. अर्ज केलेला होता, पण जागा नाही म्हणून सांगितलं गेलं. आत्या तेव्हा तिशीच्या आत. ती दादांना घेऊन पायी गेली आणि वसतिगृहाच्या दारात बसली. दोन दिवस बसली, भाकरी बांधून नेली होती. तिसऱ्या दिवशी जागा निघाली. “मी वरडत व्हते, आन हा माझा पदर धरून म्हणत व्हता, अक्का, चल घरी, जाऊ दे, लोक बघून राहिले. मी म्हटलं, बघू दे. त्यांनी बघावं म्हूनच बसलो.”

“मग?”

“मंग तो शिकला. पहिला नंबर आणायचा. मला पत्र लिहायचा, मी दुसऱ्याकडून वाचून घ्यायची. त्यात कव्हा तक्रार न्हाई. समदं बरं हाय. जेवण बरं हाय, गुरुजी बरे हायत.” तिनं कागदाकडं बोट केलं. “तू लिही. आपलं दुखणं दुसऱ्याला सांगत व्हता का? मुळीच न्हाई. लिही तसं.”

मी लिहिलं. साठही प्रश्न पूर्ण झाले. शेवटी आत्या म्हणाली, “छप्पनच वर्षं जगला. पर त्यातलं एक बी वरीस वाया न्हाई घालवलं त्यानं. हे कुठं लिहायची जागा हाय का तुझ्या कागदात?” मी म्हटलं, नाही. “मंग कागदाच्या मागं लिही.” मी मागच्या कोऱ्या बाजूला तिच्याच शब्दांत लिहिलं.

मॅडमना मी तो कागद दाखवला. नियमाप्रमाणं तो माझ्या कामात बसत नव्हता, कारण मेलेल्या माणसाच्या वतीनं दिलेली उत्तरं तशी मोजता येत नाहीत. पण मी जे बसमध्ये पाहिलं होतं, की माझ्या यादीत फक्त जगलेली माणसं आहेत, ते मी त्यांना सांगितलं. मॅडम म्हणाल्या, “हे तुझ्या प्रबंधाची मर्यादा म्हणून लिही. लपवू नकोस. पहिल्या पानांत लिही, शेवटी नाही.” मी तसं लिहिलं.

खुली मौखिक परीक्षा नांदेडला झाली. तिला कुणीही येऊन बसू शकतं, म्हणून आत्या आली. कंधारहून आई आणि ती सकाळच्या बसनं निघाल्या. आत्या नऊवारी नेसली होती, आईनं ती इस्त्री करून दिली होती आणि त्यावरूनही दोघी भांडल्या होत्या. तिसऱ्या रांगेत दोघी पदर सावरून बसल्या. बाकी हॉलमध्ये प्राध्यापक आणि विद्यार्थी.

बाहेरून आलेले परीक्षक गंभीर गृहस्थ होते. त्यांनी खूप प्रश्न विचारले. मग म्हणाले, “तुमच्या कामातून असं म्हणायचं का, की भांडखोर माणसं जास्त जगतात?”

मी त्यांच्याकडं सरळ बघून बोलले. “नाही सर. माझ्या यादीत फक्त जगलेले लोक आहेत. शांत राहून लवकर गेलेली माणसं मला भेटू शकली नाहीत. मी एवढंच सांगू शकते की ‘भांडखोर’ आणि ‘शांत’ हे शब्द आपण बाहेरून लावतो. माणूस कुणासाठी भांडतो आणि शांत राहताना काय गिळतो, हे विचारल्याशिवाय त्या शब्दांवरून आयुष्याचा अंदाज बांधू नये.”

त्यांनी मान डोलावली, काही लिहून घेतलं. मग रिवाजाप्रमाणं हॉलकडं बघून विचारलं, “आणखी कुणाला प्रश्न विचारायचा आहे?” सहसा कुणी विचारत नाही. सगळे चहाकडं बघत असतात.

तिसऱ्या रांगेतून आत्या उठली. आई तिचा पदर ओढत होती.

“मला इचारायचंय,” आत्या म्हणाली. “हिला न्हाई, तुमाला. हिनं इचारलेलं आमाला कळलं. आधीच्या कागदात जे लिहिलं व्हतं, ते तुमाला तरी कळलं व्हतं का?”

हॉलमध्ये हसू उसळलं. मी मॅडमकडं पाहिलं. मॅडम खाली मान घालून हसत होत्या, असं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. परीक्षक मात्र हसले नाहीत. ते उभे राहिले.

“आजी,” ते म्हणाले, “खरं सांगतो. त्यातला पहिला प्रश्न मी दोनदा वाचला होता.”

“मंग बरं हाय,” आत्या म्हणाली आणि बसली.

पदवी जाहीर झाली तेव्हा टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. चहाच्या वेळी परीक्षक स्वतः कप घेऊन आत्याजवळ गेले आणि त्यांनी तिला विचारलं की हे सगळे प्रश्न तिनंच बोलीत केले का. आत्या म्हणाली, “निम्मे मी. निम्मे हिच्या मायनं. तिला बी लिहा.” आई आश्चर्यानं तिच्याकडं बघत राहिली. इतक्या वर्षांत आईचं कौतुक आत्याच्या तोंडून चारचौघांत पहिल्यांदा निघालं होतं.

प्रबंधाच्या ऋणनिर्देशात दोघी आहेत. ती बोलीतली प्रश्नावली आता विभागाच्या ग्रंथालयात आहे. उदगीर, देगलूरकडचे विद्यार्थी ती मागायला येतात, आपल्याकडचे कानडी-तेलुगू वळणाचे शब्द त्यात घालून नेतात. मी त्यांना एकच सांगते, घरातल्या म्हातारीला आधी वाचून दाखवा.

मी आता नांदेडला शिकवते. स्वभाव माझा वडिलांचाच आहे, तो बदललेला नाही. राग आला की मीही पहिल्यांदा काहीतरी आवरायला लागते, टेबल, कपाट, काहीही. पण मला आता ते आवरताना कळतं, आणि कळलं की मी उठून ज्याला सांगायचं त्याला जाऊन सांगते. मागच्या वर्षी छातीत दोन दिवस जळजळ होत होती. काही नाही, होईल बरं, असं म्हणता म्हणता मी रिक्षा थांबवली आणि डॉक्टरकडं गेले. साधं पित्त निघालं. डॉक्टर म्हणाले, बरं केलं आलात.

त्याच वर्षी आत्या अंगणात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. नांदेडला आणून ऑपरेशन केलं. या वयात परत उभं राहणं अवघड आहे, असं आम्हाला बाजूला घेऊन सांगण्यात आलं. आईनं ते ऐकलं. ती जाऊन आत्याच्या खाटेशी उभी राहिली आणि म्हणाली, “हे लोक म्हणून राहिले तुमच्यानं चालणं व्हत नाही. मी म्हटलं, बराबर हाय, आता वय झालं.”

आत्यानं डोळे उघडले. “कोण म्हणतंय वय झालं?”

चौथ्या दिवशी तिनं वॉकर धरला. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी दहा पावलं म्हणायची, आत्या बारा टाकायची आणि तिच्याशी भांडायची की तू मोजायला चुकलीस. तीन महिन्यांनी ती घरी काठीवर चालत होती.

परवाच्या पौर्णिमेला मी गावी होते. सकाळी पांढरं लुगडं नेसून आत्या दारात उभी राहिली. विहार घरापासून शंभर पावलांवर असेल. मी हात पुढं केला. तिनं तो बाजूला सारला आणि काठी टेकत निघाली. हापशापाशी चार बाया पाणी भरत होत्या. त्यांनी घागरी बाजूला घेऊन वाट दिली. “कुठं निघालात आजी एवढ्या उन्हात?” एकीनं विचारलं.

“पुढं,” आत्या म्हणाली आणि चालत राहिली. मी दोन पावलं मागं राहून तिच्या चालीनं चालले.